‘दोन-दोन डोस घेऊनही झालाच की!’

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, आमच्या आईला कोरोना झाला. तीन दिवस ताप, घसा धरलेला, अंग मोडून आलेलं. चौथ्या दिवशी तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागितली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. वरच्या मजल्यावरचे काका मात्र जिन्यातूनच ओरडले, “दोन-दोन डोस घेतले, तरी झालाच की ओ सर! मग उपयोग काय त्या लशीचा?”

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर देणं भागच होतं. मास्क लावून जिन्यात उभ्या उभ्या म्हणालो, “आई घरीच बरी झाली ना काका, हाच उपयोग.” त्यांना काही ते पटलं नाही. पटायलाही नको. एकट्या माणसाकडे बघून लस चालली की नाही हे ठरवता येत नाही. लस न घेतलेलेही कित्येक जण घरीच बरे झाले होते. काकांचा प्रश्न चांगला होता, माझं उत्तर तोकडं होतं.

त्यात आणखी एक अडचण. लशीची बाजू घेणारे आपण लोकही पुरावा चुकीच्या ठिकाणी शोधतो. रुग्णांचा आलेख खाली आला, की “बघा, लसीकरणाचा परिणाम!” असं म्हणून मोकळे होतो. आता आकडे बघा. सप्टेंबर २०२० च्या मध्याला देशात दिवसाला ९७ हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला ते दहा-अकरा हजारांवर आले. लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला, तेही फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांचं. म्हणजे सुई कुणाच्या दंडाला लागण्याआधीच आलेख बराचसा उतरला होता.

दुसऱ्या लाटेचंही तेच. ६ मे २०२१ ला देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले. तेव्हा दोन्ही डोस पूर्ण झालेले शंभरात दोन-तीन जण. तरीही जूनअखेर तो आकडा पन्नास हजारांच्या आत-बाहेर आला. एवढ्याशा लसीकरणानं एवढी मोठी लाट ओसरत नाही. ती ओसरली ती निर्बंधांमुळे, आणि विषाणूला नवी माणसं कमी पडू लागली म्हणून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं जून-जुलै २०२१ मध्ये ७० जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. त्यात आपल्या सोलापूरच्या शेजारचे सांगली आणि तेव्हाचे अहमदनगर होते. सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, सापडली. त्यातल्या बहुतेकांची विषाणूशी ओळख लागण होऊनच झाली होती. त्या ओळखीची किंमत किती होती, ते एप्रिल-मे महिन्यात बेडसाठी रात्री-अपरात्री फोन फिरवणाऱ्या सोलापूरकरांना मी वेगळं सांगायला नको.

मग लस दिसते कुठे? ती दिसते दोन आलेखांच्या मधल्या फटीत. एक आलेख रुग्णांचा, दुसरा मृत्यूंचा. दुसऱ्या लाटेत दोन्ही जोडीनं चढले आणि मेच्या मध्याला दिवसाला चार हजारांवर मृत्यूंची नोंद झाली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार आला, रुग्णांचा आकडा पुन्हा दिवसाला साडेतीन लाखांच्या जवळ गेला, पण मृत्यूंचा आकडा बहुतेक दिवस हजाराच्या आतच राहिला. मधल्या काळात काय बदललं होतं? जानेवारीअखेर देशातल्या ७५ टक्के प्रौढांचे दोन्ही डोस पूर्ण झाले होते.

काका इथं अडवतील, आणि बरोबर अडवतील: ओमायक्रॉनच मवाळ होता, आणि बऱ्याच लोकांना आधी होऊनही गेला होता. दोन्ही खरं आहे. पण त्याच ओमायक्रॉननं हाँगकाँगमध्ये काय केलं ते बघा. तिथं आधीच्या लाटा फारशा आल्याच नव्हत्या, त्यामुळे लागण होऊन मिळालेली ओळख जवळपास नव्हती. लस मुबलक होती, पण म्हाताऱ्या माणसांनी ती घेतली नव्हती. ऐंशीपुढच्यांत दोन डोस झालेले निम्म्याहून बरेच कमी होते. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला मृत्युदर जगात सर्वांत वरच्या दरांत गेला. न्यूझीलंडमध्येही आधीच्या लाटा नव्हत्या आणि ओमायक्रॉन त्याच सुमारास पसरला. पण तिथल्या वृद्धांचं लसीकरण जवळपास पूर्ण होतं आणि मृत्यूंचं प्रमाण फार कमी राहिलं. विषाणू एकच. म्हाताऱ्यांच्या दंडात लस होती की नव्हती, हा मोठा फरक.

आता मूळ प्रश्न. लस घेऊन लागण होतेच, तर माणूस वाचतो कसा? वर्गात हे मी चादरीवरून सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यानं जॅकार्डचा माग बघितलाय त्याला माहीत असतं, की मोराची नक्षी विणकराच्या डोक्यात नसते, ती वर फिरणाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असते. कुठलं भोक आलं की ताण्याचे, म्हणजे उभे, कुठले धागे उचलायचे, हे कार्ड ठरवतं. पहिल्यांदा नक्षी काढायची, तिची कार्डं पाडायची, यात वेळ जातो. एकदा कार्डांची माळ तयार झाली, की ती खुंटीला टांगून ठेवायची. दोन वर्षांनी ऑर्डर आली तरी माळ चढवली आणि माग सुरू केला, एवढंच काम.

शरीरात असंच होतं. कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीचा एक निरुपद्रवी केलेला सर्दीचा विषाणू असतो. तो कोरोनाच्या अंगावरच्या काट्याचा, म्हणजे स्पाइक प्रोटीनचा, नकाशा आपल्या पेशींपर्यंत नेतो आणि आपल्याच पेशी तो काटा काही दिवस बनवतात. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू असतो, पण मारलेला. दोन्हींत खरा रोग न होता नक्षी मिळते. त्यावरून रक्तातल्या बी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रतिपिंडं तयार करतात, ही झाली गोदामातली तयार चादर. शिवाय काही पेशी माळ टांगून ठेवतात, त्या स्मृतिपेशी. चादरी काही महिन्यांत संपत जातात, माळ टिकते.

खोच इथंच आहे. ओमायक्रॉन नाकात-घशात शिरून तीनेक दिवसांत लक्षणं दाखवतो. गोदामात चादरी कमी असतील, किंवा विषाणूनं काट्याची नक्षीच थोडी बदलली असेल, तर त्याला दारात अडवता येत नाही. स्मृतिपेशींना माग पूर्ण वेगानं सुरू करायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्या वेळात घसा धरतो, ताप येतो. पण विषाणू फुप्फुसात खोल उतरून घात करतो तो साधारण दुसऱ्या आठवड्यात, आणि तोपर्यंत माग धडधडत असतो. जोडीला टी पेशी असतात, त्या लागण झालेल्या पेशीच शोधून संपवतात आणि काट्याच्या किरकोळ बदलांना सहसा फसत नाहीत. आईचा चौथा दिवस मला म्हणूनच फार बोलका वाटला. अर्थात एका माणसावरून काही ठरत नाही, हे वर मीच म्हटलंय.

दुसरा डोस हवाच कशाला, असंही लोक विचारायचे. दोन डोसांच्या मधल्या आठवड्यांत शरीर नक्षी सुधारत असतं. काट्याला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशी निवडल्या जातात आणि दुसरा डोस त्याच पेशींना कामाला लावतो. कोव्हिशिल्डचं अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे केलं तेव्हा ‘साठा नाही म्हणून केलं’ अशी कुजबुज झाली. साठा कमी होता हे खरंच, पण अंतर वाढल्यानं प्रतिसाद सुधारतो हेही खरं. डेल्टा या प्रकाराच्या वेळी ब्रिटनमध्ये याच लशीचा एक डोस लक्षणांपासून जेमतेम एक-तृतीयांश संरक्षण देत होता. दोन डोसांनंतर रुग्णालयात दाखल होण्यापासूनचं संरक्षण ९२ टक्के दिसलं.

आईचा दुसरा डोस ऑक्टोबर २०२१ मधला, राज्यात ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम चालू होती तेव्हाचा. केंद्र म्हणजे एका शाळेचा वर्ग. गर्दी ओसरलेली. सिस्टर डोकी मोजत होत्या, “आठ झाले. अजून दोघं पाहिजेत.” कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, बूच एकदा टोचलं की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत बाटली फोडायची नाही. शेवटी आशाताई समोरच्या बोळात गेल्या आणि विड्या वळत बसलेल्या दोघींना तेलुगूत समजावून घेऊन आल्या. त्यातली एक तंबाखूचे हात पदराला पुसत म्हणाली, “ताप आला तर दोन दिवसांच्या विड्या बुडतात हो. ते कोण भरून देणार?” लशीबद्दलच्या सगळ्या अफवांपेक्षा हा प्रश्न मला वजनदार वाटला. ताप येतो तो शरीराच्या पहिल्या फळीनं इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडल्यामुळे, आणि बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो, एवढं मी सांगू शकलो. मजुरीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथंच बघितली. सिस्टरनी लशीच्या डब्यात ठेवायच्या आधी बर्फाची चपटी बाटली कानाजवळ धरून हलवली. आत पाणी खळखळलं, मगच डब्यात ठेवली. मला वाटायचं, सोलापूरच्या उन्हात जितका बर्फ कडक तितका बरा. उलट आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि फ्रीजरमधून काढलेला घट्ट बर्फ लागून लस गोठली तर ती बाद. म्हणून बर्फाला घाम फुटू द्यायचा. पारा ४२ वर असतानाही, लस उन्हानं तापेल याइतकीच ती गोठेल याचीही काळजी. हे काम वर्षानुवर्षं मुलांच्या नेहमीच्या लशींसाठी करत आलेले हात होते, म्हणून कोरोनात ते नव्यानं शिकवावं लागलं नाही.

जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर आठवड्याभरानं काका पेपर घेऊनच आले. दवाखान्यात भरती झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त, अशी बातमी होती. मी पेपरच्या कडेला हिशोब मांडला, आकडे समजुतीसाठी धरलेले. एका पेठेत हजार प्रौढ. नऊशे जणांनी लस घेतली, शंभर जणांनी नाही. लसवाल्यांत शंभरात एक भरती झाला, म्हणजे नऊ. बिनलशीच्यांत शंभरात सहा, म्हणजे सहाच. वॉर्डात पंधरा खाटा, त्यातल्या नऊ लसवाल्यांच्या. बातमी खरी. पण लसच नसती तर हजारात साठ खाटा लागल्या असत्या. काका बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिले.

हाच हिशोब, कितीतरी अधिक गुंतागुंतीचा, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी १८५ देशांसाठी मांडला. लसीकरणाच्या पहिल्या वर्षात, जास्तीच्या मृत्यूंच्या (नेहमीपेक्षा जितके अधिक झाले त्यांच्या) अंदाजावरून, जगात १ कोटी ९८ लाख मृत्यू टळले असं त्यांचं गणित सांगतं. त्यात भारतातले सुमारे ४२ लाख. गणिती प्रारूप आहे, मोजदाद नव्हे.

काकांनी खिशातून आणखी एक कागद काढला. पदरचे पैसे घालून त्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली होती. आकडा खाली आलेला. “संपली की लस!” मी म्हटलं, गोदाम रिकामं होत आलंय, माळ खुंटीला असणार, ती या तपासणीत दिसत नाही. पण तुम्हाला साठच्या वर झाली, शुगर आहे, गोदाम थोडं भरून घेतलेलं बरं. १० जानेवारीपासून त्यांच्यासारख्यांना तिसरा डोस सुरू झालाच होता, दुसऱ्यानंतर नऊ महिन्यांनी. त्यांचे नऊ महिने फेब्रुवारीत भरत होते.

“जातो की,” काका जिना चढता चढता म्हणाले. “पण त्या दिवशी दहा माणसं जमतील ना ओ?”