बॅले-संगीत, रशियन

रशियन रंगभूमीवरील बॅलेसाठी रचलेले वाद्यवृंदसंगीत. ऑपेरांतील नृत्यप्रवेश आणि केवळ मैफलीसाठी लिहिलेल्या नृत्यरचना यांचाही या नोंदीत समावेश केला आहे. कालमर्यादा साधारणतः १८३६ ते १९६७ अशी धरली आहे. रशियात १९१८ पर्यंत जुने (ज्यूलियन) पंचांग चालू असल्याने एकोणिसाव्या शतकातील तारखांत बारा दिवसांचा, तर विसाव्या शतकातील तारखांत तेरा दिवसांचा फरक पडतो. जुन्या संदर्भग्रंथांत यामुळे बराच घोळ आढळतो. येथील तारखा नव्या पंचांगाप्रमाणे आहेत.

रशियन संगीतकाराने मन लावून लिहिलेले पहिले नृत्यसंगीत बॅलेत नव्हे, ऑपेरात सापडते. मिखाईल ग्लिंका (१८०४–५७) याच्या *झारसाठी प्राण* (१८३६) या ऑपेरात शत्रुपक्षाची, म्हणजे पोलिश सरदारांची, ओळख पॉलोनेझ, क्राकोव्हियाक व माझुर्का या नृत्यांतूनच करून दिली आहे. *रुस्लान आणि ल्युदमिला* (१८४२) मधील लेझगिन्का आणि इतर पौर्वात्य नृत्ये पुढच्या पिढीला नमुन्यादाखल उपयोगी पडली. *कमारिन्स्काया* (१८४८) ही त्याची स्वतंत्र वाद्यवृंदरचना तर बहुतेक अभ्यासक रशियन नृत्यसंगीताचे मूळस्थान मानतात. तीत नृत्याची छोटी धून पुन्हापुन्हा जवळजवळ जशीच्या तशी येते आणि बदलतो तो तिच्याभोवतीचा वाद्यांचा रंग. नर्तकाच्या पायाला पुनरावृत्ती लागते, श्रोत्याच्या कानाला नावीन्य. दोन्हींची सोय लावणारी ही युक्ती पुढे शंभर वर्षे वापरात राहिली.

बॅलेचे संगीत मात्र त्या काळी पगारी नोकराचे काम होते. सेंट पीटर्झबर्गच्या शाही नाट्यगृहांत ‘बॅले-संगीतकार’ असे पदच असे. १८५१ पासून ते इटालियन चेझारे पुन्यी (१८०२–७०) याच्याकडे व त्यानंतर व्हिएन्नात जन्मलेल्या लुडविग मिंकुस (१८२६–१९१७) याच्याकडे होते. मिंकुसच्या *डॉन किहोटे* (१८६९) व *ला बायादेर* (१८७७) या बॅले आजही रंगमंचावर आहेत. *ला बायादेर*चे कथानक भारतातील देवदासी व योद्धा यांच्या प्रेमाचे असले, तरी संगीतात भारतीय असे काहीही नाही. सूर व्हिएन्नाच्या वॉल्ट्झचेच आहेत. या संगीताला हिणवण्याची प्रथा समीक्षेत रूढ आहे; पण नर्तकाच्या झेपेला कोठे आधार द्यावा हे या मंडळींना पक्के ठाऊक होते आणि त्यांच्यामागून आलेल्या थोर संगीतकारांना हीच गोष्ट शिकावी लागली. शाही नाट्यगृहांचे संचालक इव्हान व्सेव्होलोझ्स्की यांनी १८८६ मध्ये हे पद रद्द केले. बॅलेचे काम नामवंत सिंफनीकारांकडे जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

प्यॉटर इल्यिच चायकॉव्हस्की (१८४०–९३) याने *स्वान लेक*चे काम त्याआधीच, १८७५ मध्ये, मॉस्कोच्या नाट्यगृहाकडून ८०० रूबल मानधनावर स्वीकारले होते. ही रचना एप्रिल १८७६ मध्ये पूर्ण झाली आणि ४ मार्च १८७७ रोजी बोल्शॉय नाट्यगृहात यूलियुस राइझिंगर याच्या नृत्यरचनेसह सादर झाली. तिच्या उगमाविषयी एकमत नाही. चायकॉव्हस्कीने १८७१ च्या सुमारास बहिणीच्या कामेन्का येथील घरी मुलांसाठी याच विषयावर एक घरगुती नाटुकले बसवले होते, अशी कुटुंबातील आठवण आहे. ती अगदीच टाकाऊ नाही. परंतु ती सांगणाऱ्यांपैकी यूरी दाव्हिदोव्ह या भाच्याचा जन्मच १८७६ चा, तेव्हा त्याची साक्ष ऐकीव ठरते. त्या नाटुकल्याची स्वरलिपी उपलब्ध नाही. याउलट दुसऱ्या अंकातील व्हायोलिन व चेलो यांचा सुप्रसिद्ध संवाद १८६९ च्या *उंदिना* या ऑपेरातील प्रेमगीतावरून घेतला आहे, याला चांगला आधार आहे. ती ऑपेरा न स्वीकारली गेल्याने चायकॉव्हस्कीने पुढे स्वतःच नष्ट केली. तिचे काही भागच उरले. संहितालेखक कोण हेही अनिश्चित आहे. व्लादिमीर बेगिचेव्ह व वासिली गेल्त्सर ही नावे परंपरेने दिली जातात. ओबोवर येणारी हंसाची धून आणि व्हागनरच्या *लोएनग्रिन*मधील ‘माझे नाव विचारू नकोस’ हे सूत्र यांतील साम्य अनेकांनी दाखवले आहे. ते कानाला पटते. त्यापलीकडे त्यावर फार भार टाकू नये.

पहिला प्रयोग साफ पडला, हे विधान जुन्या ग्रंथांतून आजवर उतरत आले आहे. टीका प्रतिकूल होती हे खरे. पण संगीत-अभ्यासक रोलंड जॉन वायली यांनी नाट्यगृहाच्या नोंदी तपासून दाखवल्याप्रमाणे ही बॅले १८८३ पर्यंत बोल्शॉयच्या कार्यक्रमात टिकून होती. पडलेल्या कलाकृतीला सहा वर्षे कोणी पोसत नाही, तेव्हा वायलींचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

याच काळातील एक तंटा संगीत व नृत्य यांच्या नात्यावर चांगला प्रकाश टाकतो. एप्रिल १८७७ मध्ये प्रमुख भूमिका आना सोबेश्चान्स्काया हिच्याकडे आली. तिने पीटर्झबर्गला जाऊन मारियुस पेतिपा (१८१८–१९१०) याच्याकडून स्वतःसाठी एक युगुलनृत्य बसवून आणले व त्यासाठी मिंकुसचे संगीत घेतले. आपल्या रचनेत दुसऱ्याचे संगीत घुसलेले चायकॉव्हस्कीला रुचले नाही आणि बसवलेले नृत्य बदलायला नर्तकी तयार नव्हती. अखेर मिंकुसच्या रचनेतील तालखंड मोजून, तेवढ्याच लांबीचे नवे संगीत चायकॉव्हस्कीने लिहून दिले, म्हणजे पावले तीच राहिली आणि सूर बदलले. हा वृत्तान्त नंतरच्या आठवणींवर आधारलेला आहे. संगीत मात्र १९५३ मध्ये बोल्शॉयच्या संग्रहात सापडले आणि जॉर्ज बॅलंचिन याने १९६० मध्ये त्यावर स्वतंत्र नृत्य रचले.

आज जगभर दिसणारे *स्वान लेक* बहुतांशी २७ जानेवारी १८९५ च्या पीटर्झबर्ग येथील प्रयोगावरून आलेले आहे. तोवर चायकॉव्हस्की निवर्तला होता. पेतिपा व ल्येव्ह इव्हानोव्ह यांनी नृत्ये नव्याने रचली, संगीतकाराचा भाऊ मोदेस्त याने कथा सुधारली आणि वाद्यवृंदसंचालक रिकार्दो द्रिगो याने संगीताची काटछाट केली. चायकॉव्हस्कीच्या पियानोसाठीच्या अठरा तुकड्यांपैकी (कृतिक्रमांक ७२) तीन तुकडे द्रिगोने वाद्यवृंदासाठी बांधून त्यात घातले. काळ्या हंसिनीचे म्हणून ज्ञात असलेले युगुलनृत्य मूळ स्वरलिपीत पहिल्या अंकात होते. तेथे काळ्या हंसिनीचा पत्ताही नाही. तेव्हा ‘मूळ’ *स्वान लेक* कोणते, या प्रश्नाला संगीताच्या अभ्यासकाचे उत्तर एक आणि नृत्याच्या अभ्यासकाचे दुसरे. विश्वकोशाने १८७७ ची स्वरलिपी प्रमाण मानावी हे सयुक्तिक. नाट्यगृहांनी तसे क्वचितच केले आहे.

*स्लीपिंग ब्यूटी* (१५ जानेवारी १८९०) पासून चायकॉव्हस्की व पेतिपा यांचे प्रत्यक्ष सहकार्य सुरू झाले. पेतिपा संगीतकाराला प्रसंगवार लेखी सूचना देई. उदाहरणार्थ, राजकन्येला म्हातारी दिसते ती विणकामाच्या सुया दोन मात्रांच्या ठेक्यावर आपटणारी, मग ठेका हळूहळू तीन मात्रांच्या गोड वॉल्ट्झकडे वळावा, मग एकाएकी शांतता, कारण सुई बोटात रुतली आहे. *नटक्रॅकर*मधील नाताळचे झाड वाढू लागते तेथे त्याने चढत जाणाऱ्या संगीताचे ४८ तालखंड मागितले होते. असे मोजून मागणे हा प्रतिभेवरचा जुलूम होता, असे पूर्वी लिहिले जाई. स्वरलिपी पाहता उलटच दिसते. याच दोन बॅलेंत चायकॉव्हस्कीचे वाद्यलेखन सर्वांत मोकळे आहे.

*नटक्रॅकर* (१८ डिसेंबर १८९२) मधील सेलेस्टा या वाद्याची हकिकत पत्रांतून नीट कळते. पोलादी पट्ट्यांवर हातोड्या पडून घंटेसारखा स्वर देणारे, पेटीएवढ्या पियानोसारखे दिसणारे हे वाद्य पॅरिसच्या म्युस्तेल याने १८८६ मध्ये सिद्ध केले होते. चायकॉव्हस्कीने १८९१ मध्ये ते पॅरिसमध्ये ऐकले व प्रकाशक युर्गेनसन याला पत्र लिहून ते मागवण्यास सांगितले. किंमत १,२०० फ्रँक. सोबत ताकीद अशी, की रिम्स्की-कॉर्साकॉव्ह व ग्लाझुनोव्ह यांना याची कुणकुण लागता कामा नये, नाहीतर ते आधी वापरून मोकळे होतील. शुगरप्लम परीच्या नृत्यात सेलेस्टाच्या टपटपत्या स्वरांना खालच्या पट्टीतून बास क्लॅरिनेट उत्तर देते. याच बॅलेच्या छोट्या पूर्वरंगात चेलो व डबल बास पूर्णपणे वगळले आहेत. खर्ज नसल्याने ते संगीत खेळण्यातले वाटते. ‘अरबी’ म्हणवले जाणारे नृत्य वस्तुतः जॉर्जियातील अंगाईगीतावर आधारित आहे. बॅलेतील निवडक तुकड्यांची मालिका रंगमंचावरील प्रयोगाच्या काही महिने आधीच मैफलीत वाजली होती.

अलेक्सांद्र ग्लाझुनोव्ह (१८६५–१९३६) याच्या *रेमोंदा* (१८९८) व *ऋतू* (१९००) या पेतिपासाठी लिहिलेल्या बॅलेंनी ही परंपरा पुरी केली. अलेक्सांद्र बरदीन (१८३३–८७) याची *पोलोव्त्सी नृत्ये* अपुऱ्या राहिलेल्या *प्रिन्स ईगोर* या ऑपेरातील आहेत. ती मैफलीत १८७९ मध्येच वाजली. त्या वेळच्या वाद्यलेखनात रिम्स्की-कॉर्साकॉव्ह व ल्यादोव्ह यांचा हात होता.

सर्गेई द्यागिलेव्ह (१८७२–१९२९) याच्या संचाने १९०९ च्या मे महिन्यात पॅरिस येथे याच नृत्यांनी खळबळ उडवली. पुढच्याच वर्षी मिखाईल फोकीनने रिम्स्की-कॉर्साकॉव्हच्या *शेहेराझाद* (१८८८) या मैफलीच्या रचनेवर बॅले बसवली. त्याला दिवंगत संगीतकाराच्या पत्नीने जाहीर हरकत घेतली होती. इगोर स्ट्राविन्स्की (१८८२–१९७१) याचा उदय याच संचातून झाला. *अग्निपक्षी* (२५ जून १९१०) त्याच्याकडे आली ती ल्यादोव्हकडून काम न झाल्याने. *पेत्रुश्का* (१३ जून १९११) मध्ये सी मेजर व एफ शार्प मेजर हे परस्परांपासून अगदी दूरचे स्वरमेळ एकदम वाजवून बाहुल्याची फाटलेली वृत्ती दाखवली आहे. त्यात जत्रेचे वातावरण उभे करताना रस्त्यावरच्या पेटीवाल्याकडून ऐकलेली ‘लाकडी पाय’ ही धून त्याने लोकधून समजून उचलली. तिचा कर्ता, एमिल स्पेन्सर, हयात निघाला आणि मानधनाचा वाटा त्याला द्यावा लागला.

*वसंतविधी* (२९ मे १९१३) च्या पहिल्या प्रयोगातील गोंधळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा रोख संगीतापेक्षा निझिन्स्कीच्या नृत्यरचनेवर अधिक असावा. हेच संगीत एप्रिल १९१४ मध्ये पॅरिसमध्ये मैफलीत वाजले तेव्हा श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतले. अभ्यासकांचा खरा वाद आहे तो यातील लोकधुनांचा. आरंभी बासूनवर त्याच्या नेहमीच्या पट्टीच्या फार वर येणारी धून तेवढी लोकसंगीतातून घेतली, बाकी सर्व आपले, असे स्ट्राविन्स्की सांगत असे. ती धून आंतोन यूश्केविच याच्या लिथुएनियन लोकधुनांच्या संग्रहातील (१९००) आहे. लॉरेन्स मॉर्टन यांनी १९७९ मध्ये याच संग्रहातील आणखी काही धुना या रचनेत दाखवून दिल्या. त्याच सुमारास रिचर्ड तारुस्किन यांनी १९६९ मध्ये छापल्या गेलेल्या स्ट्राविन्स्कीच्या कच्च्या वहीच्या आधारे पुढचे पाऊल टाकले: धुना आहेत एवढेच नव्हे, तर ज्या विधीचे गीत त्याच विधीच्या प्रसंगाला, असा मेळ संगीतकाराने जाणीवपूर्वक घातला आणि कालांतराने, स्वतःची प्रतिमा विश्वनागरिकाची झाल्यावर, तो लपवला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की धुना इतक्या मोडल्या-तोडल्या आहेत की उगमाला सांगीतिक अर्थ उरत नाही. कच्च्या वहीत धुना प्रथम साध्या रूपात उतरवून मग त्यांची मोडतोड केलेली दिसते. यास्तव तारुस्किन यांचे मत टाळता येण्यासारखे नाही. पुढच्या *विवाह* (१९२३) मध्ये वाद्यवृंदच गळून चार पियानो, तालवाद्ये व गायक उरले, तर *अपोलो* (१९२८) केवळ तंतुवाद्यांसाठी आहे.

सोव्हिएट काळात राइनहोल्ड ग्लिएर याची *लाल अफू* (१९२७) लोकप्रिय झाली. तिच्यातील खलाशांचे नृत्य ‘याब्लोच्को’ या रस्त्यावरच्या गाण्यावर आहे. द्मित्री शोस्ताकोविच (१९०६–७५) याने *सुवर्णयुग* (१९३०), *बोल्ट* (१९३१) व *निर्मळ झरा* (१९३५) या तीन बॅले लिहिल्या. फेब्रुवारी १९३६ मध्ये *प्रावदा* या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने तिसरीवर तोफ डागल्यानंतर तो पुन्हा बॅलेकडे फिरकला नाही.

सर्गेई प्रकॉफ्येव्ह (१८९१–१९५३) याने *रोमिओ आणि ज्युलिएट* १९३५ मध्ये लिहिली तेव्हा शेवट सुखान्त होता; मेलेली माणसे नाचू शकत नाहीत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण त्याने पुढे नोंदवले आहे. नंतर शेवट शेक्सपिअरप्रमाणे करण्यात आला. तरीही प्रयोग लांबला, आणि दरम्यान संगीताच्या दोन मालिका मैफलीत वाजून गेल्या. पहिला प्रयोग रशियात नव्हे, तर चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी झाला. लेनिनग्राडला जानेवारी १९४० मध्ये लावरोव्स्कीच्या दिग्दर्शनाखाली गलिना उलानोव्हा नाचली. रंगमंचावर वाद्ये ऐकूच येत नाहीत, या नर्तकांच्या तक्रारीपायी वाद्यलेखन काही ठिकाणी जाड करावे लागले. आज वाजते ती बहुधा हीच आवृत्ती. *सिंड्रेला* १९४५ मध्ये आली.

आराम खाचातुर्यान (१९०३–७८) हा आर्मेनियन. सोव्हिएट संस्थांमुळेच त्याचा येथे उल्लेख. *गायाने* (१९४२) चा पहिला प्रयोग युद्धामुळे पेर्म येथे हलवलेल्या लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅले-संचाने केला. तिच्यातील तलवारनृत्य त्याच्याच सांगण्यानुसार घाईघाईने, रात्रीतून लिहिले गेले. *स्पार्टाकस* (१९५६) ला खरे यश युरी ग्रिगोरोविच यांच्या १९६८ च्या नृत्यरचनेने मिळाले. रोदिओन श्चेद्रिन यांची *कारमेन मालिका* (१९६७) बिझेच्या ऑपेरातील सुरांवर, केवळ तंतुवाद्ये व तालवाद्ये वापरून, पत्नी माया प्लिसेत्स्काया यांच्यासाठी लिहिलेली आहे. सर्गेई राखमानिनोव्ह याची अमेरिकेत लिहिलेली *सिंफनिक नृत्ये* (१९४०) फोकीनने बसवावीत अशी संगीतकाराची इच्छा होती. फोकीन १९४२ मध्ये वारल्याने ती मैफलीतच राहिली.

महाराष्ट्राशी या संगीताचा संबंध थोडका आहे. रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हा हिचा संच १९२२-२३ च्या हिवाळी दौऱ्यात मुंबईस आला होता. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलींतून रशियन वाद्यवृंदरचना ऐकावयास मिळतात.