फिटमेंट फॅक्टर म्हणजे पगाराची पट नव्हे
नागपुरात सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्सपासून अजनीच्या रेल्वे वसाहतीपर्यंत केंद्रीय कर्मचाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: सातव्या वेतन आयोगाचा फिटमेंट फॅक्टर (जुन्या मूळ वेतनाला ज्या आकड्यानं गुणून नवं मूळ वेतन काढतात तो) 2.57 म्हणजे पगार अडीचपट. तसं नाही. आठव्या वेतन आयोगाच्या आशेवर कोणी घरकर्जाचा हप्ता ठरवत असेल, तर त्यानं आधी जुनी पगारपावती काढून बसावं.

सहाव्या आयोगात किमान मूळ वेतन 7000 रुपये होतं. सातवा आयोग लागू झाला त्या 1 जानेवारी 2016 रोजी त्यावर 125 टक्के महागाई भत्ता, म्हणजे 8750. दोन्ही मिळून 15,750 आधीच मिळत होते. 7000 गुणिले 2.57 म्हणजे 17,990. वेतन मॅट्रिक्समधला, म्हणजे नव्या वेतनाच्या तक्त्यातला, कप्पा 18,000. खरी वाढ 2250 रुपये, जेमतेम 14 टक्के. महागाई भत्ता त्याच दिवशी शून्यावर आला. म्हणजे 2.57 पैकी 2.25 हा जुनाच पैसा!

घरभाडे भत्त्यात तर अनेकांचा हिशेब चुकला. भाडेभत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत; नागपूर वाय वर्गात. दर 20 वरून 16 टक्क्यांवर आला आणि नवे भत्ते जुलै 2017 पासूनच लागू झाले. मधलं दीड वर्ष भाडेभत्ता जुन्याच मूळ वेतनावर.

नवा फॅक्टर कळला की त्याला 1 अधिक आधीचा महागाई भत्ता, या आकड्यानं भागा. भत्ता 60 टक्के आणि फॅक्टर 2 धरला, तर 2 भागिले 1.60, म्हणजे 1.25. वाढ 25 टक्के, दुप्पट नव्हे.

पेन्शनचंही तेच. किमान पेन्शन 3500 वरून 9000 झाली खरी, पण भत्त्यासह आधीच 7875 होती.