फास्ट बॉलरची कंबर सिट-अप्सने वाचत नाही

बुमराची पाठ हा आपल्याकडे आता घरोघरी चर्चेचा विषय झालाय. २०१९ ला स्ट्रेस फ्रॅक्चर (म्हणजे सतत ताण पडून हाडाला गेलेली बारीक तड), २०२२ ला परत पाठ आणि टी-२० वर्ल्ड कप हुकला, मग मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन. दुखणं जुनंच आहे म्हणा, १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिलीची पाठ अशीच गेली होती आणि तो परत उभा राहिला तो महिनोन् महिने व्यायाम करून.

होतं काय, तर बॉल टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर अंगात चढतो, आणि नेमकं त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि शिवाय पिळलेलीही असते. हा सगळा भार कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो, आणि मागच्या बाजूला हाडाची एक बारीक पट्टी असते ती रोज थोडी थोडी तडकत जाते. राइट आर्म बॉलरची बहुतेक वेळा डावीकडची.

मग पोरं काय करतात, जिममध्ये जाऊन क्रंचेस मारतात! सिक्स पॅक दिसतो छान, पण धडाचं खरं काम वाकणं नाहीच, हातापायातून जोर जात असताना कंबर जागची हलू न देणं हे आहे. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की धडधाकट माणूस नुसता हात उचलतो तरी पोटाचा आतला स्नायू त्याच्या आधीच आवळला जातो, कंबरदुखीवाल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. पुढे तिथल्याच तरुण क्रिकेटपटूंवर ज्यूली हाइड्स यांनी काम केलं, पाठ दुखणाऱ्यांना सोनोग्राफीच्या स्क्रीनवर स्वतःचा मणक्यालगतचा स्नायू दाखवत तो आवळायला शिकवलं, स्नायू भरला आणि दुखणं कमी झालं. पोरं मोजकीच होती, त्यामुळे लगेच हुरळून जायला नको, पण दिशा पटण्यासारखी आहे.

घरी करायचं तर पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे व्यायाम बघा. साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपरावर अंग सरळ उचलून धरायचं, दोन्ही बाजूंनी, कारण बॉलरची एक बाजू आधीच जास्त राबलेली असते. आणि बर्ड डॉग, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे, ८-१० सेकंद, मग बाजू बदलायची. सोपं वाटतं ना? कंबरेवर पाण्याचा पेला ठेवून करा, लगेच कळेल कोण किती हलतंय ते. तीन मिनिटं थरथरत प्लँक धरायची काही गरज नाही, छोटे होल्ड नीट करा.

पण खरं सांगू का, प्लँक कितीही मारा, ओव्हर्स मोजल्या नाहीत तर हाड तडकणारच. मणक्याची हाडं विशी उलटेपर्यंत पक्की होत असतात आणि आपल्याकडे तेरा-चौदाचा पोरगा सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून, संध्याकाळी नेट्समध्ये, कोणी मोजतच नाही! इंग्लंडच्या बोर्डाने १३ वर्षांपर्यंतच्या फास्ट बॉलरला एका स्पेलला ५ आणि दिवसाला १० ओव्हर्स अशी मर्यादा घातली आहे. आणि मागे वाकल्यावर कंबरेत एकाच बाजूला दुखत असेल तर स्प्रे मारून पुढचा स्पेल टाकू नका, बॉलिंग थांबवा आणि स्पोर्ट्सवाल्या डॉक्टरला दाखवा, नुसत्या एक्स-रेत ही तड सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो.