फिरता ड्रोन कारखाना

ड्रोन जिथे उडवायचा तिथेच, किंवा तिथून हाकेच्या अंतरावर, तो जुळवण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय. कंटेनर, ट्रक किंवा ट्रेलरमध्ये थ्रीडी प्रिंटर (प्लास्टिकचे थर एकावर एक रचून वस्तू घडवणारे यंत्र), सोल्डरिंगचे टेबल, बॅटरी चार्जर, संगणक आणि जनरेटर बसवलेले असतात. सांगाडा, पाय, कॅमेऱ्याची खोबण, औषधांची पेटी अडकवायचा आकडा हे भाग तिथेच छापले जातात. मोटारी, सर्किट, बॅटऱ्या आणि कॅमेरे आधीच आणून साठवलेले असतात. सैन्याला आणि आपत्तीत मदतीला धावणाऱ्या पथकांना या सोयीचा उपयोग सर्वाधिक, कारण दोघांचीही पुरवठ्याची वाट ऐनवेळी तुटते.

मराठवाड्यात ही रीत जुनीच आहे. पेरणीच्या तोंडावर घिसाड्यांची पाले गावाबाहेर पडत, भाता आणि ऐरण मांडली जाई, आणि शेतकऱ्याची कुऱ्हाड किंवा विळा त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या हाताला बसेल असा घडवून मिळे. माल गावात येण्याऐवजी भट्टीच गावात येई. ड्रोनच्या बाबतीतही हेच आहे, आणि घिसाड्याचे निम्मे काम नवे घडवण्याचे नसून जुन्याला धार लावण्याचे असे, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२०११ मध्ये ब्रिटनमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने ‘सुल्सा’ नावाचे छापील विमान उडवले. २०१५ मध्ये त्याच घडणीचे, सुमारे दीड मीटर पंखांचे विमान ‘एचएमएस मर्सी’ या युद्धनौकेवरून सोडण्यात आले. त्याचे चार मुख्य भाग नायलॉनचे होते आणि ते हत्यारांशिवाय जोडता येत. अमेरिकी लष्कराने २०१२ मध्ये अफगाणिस्तानात कंटेनरमधली फिरती कार्यशाळा नेली होती. तिथे सैनिकांची अडचण ऐकून सुटे भाग बनवले जात. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर ‘फील्ड रेडी’ या संस्थेने छावणीतल्या गळक्या पाणीनळाचा जोड गाडीतल्या प्रिंटरवर छापला. तो ड्रोनचा भाग नव्हता, पण काम याच जातीचे. या क्षेत्राला खरी गती दिली ती युक्रेन युद्धाने. लंडनच्या ‘रुसी’ या अभ्याससंस्थेने २०२३ मध्ये युक्रेनचे महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन नष्ट होत असल्याचा अंदाज मांडला होता, आणि त्याच वर्षाअखेरीस त्या देशाने पुढच्या वर्षासाठी दहा लाख ड्रोनांचे उद्दिष्ट जाहीर केले. तिथले बरेच ड्रोन मोठ्या कारखान्यात न बनता तळघरांत आणि छोट्या वर्कशॉपांत जुळवले गेले. अमेरिकेतील ‘फायरस्टॉर्म लॅब्ज’ ही कंपनी आता ‘एक्ससेल’ नावाचा कंटेनरमध्ये मावणारा कारखाना विकते. त्यात एचपीचे औद्योगिक प्रिंटर असतात.

या कामाचा गाभा म्हणजे प्लास्टिकची पारख. स्वस्त आणि छापायला सोपे पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. मे महिन्यात बीड किंवा परभणीत उन्हात बंद उभ्या राहिलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर एवढे तापमान सहज चढते, आणि तिथे ठेवलेला ड्रोनचा पाय तासाभरात वाकतो. म्हणून इथे पीईटीजी, एएसए ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिके किंवा कार्बनतंतू मिसळलेले नायलॉन हवे. नायलॉनची खोड वेगळी आहे: ते हवेतला ओलावा पिते. भाद्रपदातल्या झडीत त्याच्या धाग्याचे रीळ दोन दिवस उघडे राहिले, तर छापताना प्रिंटरच्या तोंडाशी तडतड ऐकू येते, बारीक वाफ निघते आणि भागाच्या अंगावर फोड उठतात. दिसायला भाग पुरा असतो, पण हवेत कधी तुटेल याचा भरवसा नसतो. असे रीळ आधी ७०-८० अंशांवर कित्येक तास वाळवावे लागते. थरांची दिशाही तितकीच महत्त्वाची. ड्रोनचा हात, म्हणजे मोटार धरणारी दांडी, आडवा ठेवून छापला तर थर त्याच्या लांबीने जातात आणि तो टिकतो. उभा छापला तर ज्वारीचे धाट पेरावर मोडते तसा थरावर मोडतो.

मोटारीतले निओडिमियमचे चुंबक, प्रोसेसर, लिथियम बॅटरी यांतले काहीही ट्रकमध्ये तयार होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा ही परावलंबी बाजू जगभर उघडी पडली. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनांची आयात मोजके अपवाद सोडून बंद केली, सुट्या भागांची मात्र चालू ठेवली. त्यामुळे फिरत्या कारखान्याची ताकद प्रिंटरइतकीच त्याच्या कोठारावरही ठरते.

मराठवाड्यात या सोयीची गरज समजून घ्यायची तर अंतर पाहावे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे, तर राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. सुदुंबऱ्याहून नांदेड सुमारे साडेचारशे किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती बोळांत कोसळून वाटाच बुजल्या होत्या. ढिगाऱ्याखालचा माणूस ड्रोनच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण कोणते गाव उभे आहे, कोणते बसले, कोणत्या रस्त्याने जेसीबी जाईल, हे ड्रोन असता तर उजाडताच तासाभरात कळले असते. त्या पहाटे एवढे कळणेसुद्धा फार मोलाचे होते.

पुराचे गणित वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात पाण्याने वेढलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. अशा वेळी ड्रोन पावसात, वाऱ्यात, तारांजवळून उडवावे लागतात आणि ते मोडतात. पंख्याची पाती, पाय आणि हात आधी जातात. नवा ड्रोन शहरातून मागवायचा तर पुलावर पाणी आहे. मोडका हात चार-पाच तासांत छापून बसवला तर संध्याकाळच्या फेरीला तोच ड्रोन पुन्हा तयार. आमच्या मते मराठवाड्यापुरता फिरत्या कारखान्याचा पहिला उपयोग हाच आहे. शेकडो ड्रोन तयार करण्यापेक्षा हातात असलेले दहा उडते ठेवणे जास्त गरजेचे.

ट्रेलर कुठे उभा करायचा, हा प्रश्न इथे साधा नाही. ओल्या काळ्या रानात तो आसापर्यंत रुततो. बाजार समितीचे आवार त्यासाठी उत्तम: सिमेंटचा ओटा, छत, मोठ्या गाड्या वळवायला जागा, आणि बहुतेक ठिकाणी थ्री-फेज जोडणी. तरीही जनरेटर आणि यूपीएस हवेच. वीज गेली की अर्धवट छापलेला भाग बहुधा वाया जातो. माणसांची मात्र इथे वाण नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या वाहन-सुट्याभागांच्या कारखान्यांत साचे आणि प्लास्टिक ओळखणारे हात आहेत, नांदेडला १९८१ पासूनचे श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत फवारणीचा ड्रोन चालवायला शिकलेल्या बचतगटातल्या ताईंना पाती बदलणे आणि बॅटरी जपणे आधीच येते.

लष्करी उपयोगाची कारणे वेगळी आहेत. शत्रू रेडिओ लहरी अडवू लागला की ड्रोनची फ्रिक्वेन्सी बदलावी लागते, तिच्याबरोबर अँटेनाची लांबी आणि ती धरणारी खोबणही बदलते. असा बदल आघाडीवरच छापता आला तर आठवडे वाचतात. धोकाही मोठा: कंटेनर स्वतःच लक्ष्य ठरतो, आणि आराखड्याच्या फाइलमध्ये कुणी गुपचूप फेरफार केला तर प्रत्येक ड्रोन त्याच जागी मोडतो. छत्रपती संभाजीनगरला छावणी असली तरी हा सीमाभाग नाही. इथला वाटा प्रशिक्षणाचा आणि सुटे भाग पुरवण्याचाच राहील.

ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेले ड्रोन नियम भूदल, नौदल आणि वायुदलाला लागू नाहीत. मुलकी ड्रोनला मात्र नोंदणी क्रमांक लागतो, आणि २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगैरे अपवाद सोडले तर मॉडेलचे प्रमाणपत्रही. रातोरात छापलेल्या नव्या रचनेकडे ते कुठून असणार? म्हणून मदतकार्यासाठी मॉडेल आधी प्रमाणित करून घ्यावे आणि कंटेनरमध्ये त्याचेच भाग छापावेत. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. ही तयारी पावसाळ्यापूर्वीच्या त्यांच्या बैठकीत व्हायला हवी. आराखड्यांच्या फाइली तेव्हाच कंटेनरच्या संगणकात उतरवून ठेवाव्यात, कारण पुरात वीज गेली की मोबाइलचे टॉवर काही तासांत बंद पडतात आणि इंटरनेटवरची फाइल उघडत नाही.