‘डबल म्युटंट’ नावाचा घोळ

कोरोनाकुळातले विषाणू फ्लूपेक्षा सावकाश बदलतात, असे २०२० मध्ये सगळीकडे मानले जाई. ते निराधार नव्हते. सुमारे ३० हजार अक्षरांचा जनुकीय मजकूर उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारे विकर (एन्झाइम) या विषाणूंकडे असते. तरी महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहत. त्यातला डी६१४जी हा बदल (अशा नावांतला आकडा प्रथिनातली जागा सांगतो) काही महिन्यांत जगभर पसरला. लशींना त्याने धक्का लावला नाही, म्हणून फारसे कोणी दचकलेही नाही.

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रकारांनी चित्र बदलले. आपल्याकडचे लक्ष विमानतळांवर लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण झपाट्याने वाढले आणि अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. मोजक्या नमुन्यांची तपासणी झाली आणि ‘परदेशी स्ट्रेन आढळला नाही’ असे जाहीर झाले. विधान खरेच होते. जो वाढत होता, तो परदेशी नव्हताच. त्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधले, भारतातलेच आहेत.

२४ मार्च २०२१ च्या सरकारी निवेदनात अखेर त्याचा उल्लेख आला. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर असे दोन बदल एकत्र सापडले होते. ‘डबल म्युटंट’ हा शब्द याच निवेदनातून घरोघरी पोहोचला. त्याच कागदात पुढे असेही होते, की रुग्णवाढीशी थेट संबंध जोडावा इतकी या प्रकारांची संख्या नाही. शास्त्रीय सावधगिरी म्हणून हे वाक्य समजू शकते. पण कुंभमेळा आणि प्रचारसभा तोंडावर असताना त्याचा व्यवहारातला अर्थ ‘थांबा आणि पाहा’ असाच झाला.

शब्दानेही गोंधळ वाढवला. दोन विषाणू एकत्र आलेत, किंवा हा दुप्पट घातक आहे, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात या प्रकारात दोन नव्हे, डझनभर बदल होते. त्यातल्या ४८४ या जागेवर डोळे खिळायला कारण होते: विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाच्या त्या भागावर बरीच प्रतिपिंडे (अँटीबॉडी) पकड घेतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रकारात तिथेच फेरफार झाला होता. म्हणजे भीती मुख्यतः प्रतिकारशक्ती चुकवण्याची होती.

पुढे या ‘डबल म्युटंट’चे, म्हणजे शास्त्रीय नावाने बी.१.६१७ चे, तीन पोटप्रकार पाडावे लागले. देशभर हाहाकार माजवणारा होता दुसरा, बी.१.६१७.२. त्याच्यात ई४८४क्यू नव्हताच! ज्या जोडीवरून नाव पडले, तिच्यातला एक बदल गायब. त्याची ताकद दुसरीकडे होती. पेशीत शिरण्यासाठी स्पाइक जिथे कापले जाते, त्या सांध्याजवळ पी६८१आर होता, शिवाय एल४५२आर आणि टी४७८के. प्रतिपिंडांना तो काही प्रमाणात चुकवत होता, पण त्याने बाजी मारली ती पसरण्याच्या वेगावर. एप्रिलमध्ये ‘ट्रिपल म्युटंट’ही आला. मोजणी सुरू झाली की ती थांबत नाही.

मे महिन्यात वाद ‘इंडियन व्हेरियंट’ या शब्दावर गेला आणि तो शब्द असलेला मजकूर हटवा, असे समाजमाध्यमांना सांगण्यात आले. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, पोटप्रकार दोनला डेल्टा म्हटले गेले आणि तो वाद मिटला. जूनमध्ये रत्नागिरी, जळगावकडे सापडलेल्या ‘डेल्टा प्लस’ची धास्ती मात्र नावातल्या ‘प्लस’नेच वाढवली. के४१७एन हा जादा बदल असूनही तो साध्या डेल्टाला मागे टाकू शकला नाही.

नोव्हेंबर २०२१ मधला ओमिक्रॉन वेगळ्याच वाटेने आला. एकट्या स्पाइकमध्ये तिसाहून जास्त बदल. तोवर बहुतेकांना संसर्ग तरी झाला होता किंवा लस तरी मिळाली होती, त्यामुळे प्रतिपिंडांना चुकवणाऱ्यालाच आता मैदान मोकळे होते. पेशींमार्फत चालणारी प्रतिकारशक्ती बरीच टिकली, म्हणून संसर्ग वाढले तरी गंभीर आजार त्या प्रमाणात वाढला नाही. नंतर एक्सबीबी आला, दोन ओमिक्रॉन शाखांच्या जनुकीय मजकुराची सरमिसळ होऊन. ‘डबल’ शब्द खरे तर त्याला शोभला असता. २०२३ मधल्या बीए.२.८६ या ओमिक्रॉनच्याच शाखेने पुन्हा तिसाहून अधिक बदलांची उडी घेतली, तरी नवे ग्रीक अक्षर मिळाले नाही. तो फार पसरलाही नाही. पसरला त्याचा वंशज जेएन.१, जो त्या डिसेंबरात गोवा, सिंधुदुर्गातही सापडला. त्याच्या स्पाइकमध्ये बीए.२.८६ पेक्षा फक्त एक बदल जास्त होता.