रिपोर्ट नॉर्मल, मूठ ढिली

आमच्या गल्लीतल्या एका पोराचा मानेचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून घरच्यांनी पेढे आणले. पेढ्यांच्या बॉक्सची दोरी मात्र त्या पोराला उजव्या हातानं सोडवता येईना.

वय अठरा, रोज तालमीत जाणारा. मागच्या थंडीत कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातातून निसटला तेव्हा सगळे हसले. मग शर्टाची बटणं लागेनात, गाडीची किल्ली फिरेना. गारठ्यात बोटं जास्तच लुळी पडायची. दुखणं नाही, मुंग्या नाहीत, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. हात टेबलावर ठेवायला सांगितला तेव्हा दिसलं, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसून खळगा पडला होता.

मावशीनं करणीचा शोध लावला, एका बाबानं लिंबू उतरवायचे पैसे घेतले. करंगळीच्या बाजूचं मांस वाळवायचं आणि कोपरापासून अंगठ्याकडे जाणारा एक स्नायू तेवढा धडधाकट ठेवायचा, एवढी बारीक करणी ज्याला जमते त्यानं दवाखानाच टाकावा की!

डॉक्टर टाचणी टोचून बघतात त्यामागे तर्क असतो. हाताच्या नसेत स्पर्शाच्या आणि हालचालीच्या तारा एकत्र धावतात. मज्जारज्जूपाशी मात्र त्यांची फाटाफूट होते: संवेदना मागच्या बाजूनं आत शिरतात, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी पुढच्या बाजूला असतात. टोचलेलं सगळं कळतंय पण मूठ वळत नाही, असं असेल तर संशय या पुढच्या पेशींवर जातो. पोराच्या ईएमजीत, म्हणजे स्नायूत सुई घालून वीज ऐकायच्या तपासणीत, तेच निघालं. काही पेशी मेल्या होत्या आणि त्यांचे पोरके स्नायुतंतू शेजारच्या पेशींनी दत्तक घेतले होते. मग एमआरआयला का दिसलं नाही?

कारण एमआरआयला माणूस उताणा, मान सरळ ठेवून झोपतो.

आता स्वतःचं बोट बघा. सरळ बोटाच्या पाठीवर, सांध्यावर सुरकुत्या असतात. बोट वाकवलं की त्या गायब होतात, कारण वाकताना बाहेरच्या बाजूला जास्त कातडं लागतं आणि ते तिथे साठवलेलं असतं. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाची चिवट पिशवी असते. मान खाली घातली की कण्याच्या नळीची मागची भिंत लांबते. एरवी ड्युरात तेवढा ढिलेपणा असतो. काही मुलांत तो नसतो. वयात येताना कणा भराभर वाढतो आणि पिशवी मागे राहते, असा अंदाज आहे. मग मान वाकली की पिशवीची मागची बाजू धनुष्याच्या दोरीसारखी ताणून पुढे सरकते आणि मज्जारज्जूला मणक्यांवर दाबते. दाब नेमका मानेच्या खालच्या भागात पडतो, जिथून पंजाचे स्नायू चालतात. पुढच्या पेशींचा रक्तपुरवठा त्यानं कमी पडतो, असं मानतात. मान वर केली की सगळं जागच्या जागी! जेवताना, लिहिताना, बुटाची नाडी बांधताना, वर्षानुवर्षं हेच चालतं आणि पेशी मरत जातात. अंगठ्याकडचा तो स्नायू वाचतो, कारण त्याच्या पेशी वरच्या मजल्यावर राहतात.

जपानच्या केइझो हिरायामा यांनी 1959 साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो हिरायामा आजार. बहुतेक रुग्ण पंधरा ते पंचवीस वयातले मुलगे. भारतातही तो बराच दिसतो. मोबाईलवर मान घालून बसल्यानं हे होतं, असे मेसेज फिरतात. 1959 साली कुणाच्या खिशात मोबाईल होता?

पोराचा एमआरआय पुन्हा झाला, या वेळी डोक्याखाली उशा देऊन, हनुवटी छातीकडे वाकवून. मज्जारज्जू पुढे दबलेला दिसला आणि त्याच्या मागे, रक्तानं फुगलेल्या शिरांची, चंद्रकोर.

हा आजार सहसा काही वर्षं वाढतो आणि आपोआप थांबतो. मान वाकू न देणारा पट्टा लावला तर लवकर थांबू शकतो. काहींना शस्त्रक्रिया लागते. वाळलेलं मांस मात्र सहसा पुरतं भरून येत नाही, म्हणून उशीर महागात पडतो.

पट्टा लावल्यापासून तालमीतली पोरं त्याला ‘कॉलर ताठ’ म्हणतात. दुधाचा ग्लास सध्या डाव्या हातात असतो.