बंद पडलेल्या पाळण्यांची ओढ (बेळगाव सीमाभाग)

करमणुकीच्या बागेतले किंवा जत्रेतले एखादे फिरते खेळणे कायमचे बंद झाल्यावर, त्यात कधीकाळी बसलेल्या माणसांच्या मनात त्याच्याविषयी राहून जाणारी ओढ. जगभर ही ओढ प्रामुख्याने थीम पार्कमधल्या राइड्सच्या संदर्भात ओळखली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी माणसाच्या लहानपणी थीम पार्क जवळपास कुठेच नव्हता. त्याचा पाळणा, त्याची घोड्यांची चक्री, त्याचा मौत का कुआ जत्रेबरोबर यायचा आणि जत्रा उठली की बैलगाडीत, पुढे ट्रकमध्ये भरून निघून जायचा. त्यामुळे इथल्या ओढीची घडणच निराळी आहे. थीम पार्कमधली राइड एका ठरलेल्या दिवशी बंद होते. जत्रेतला पाळणा बंद होत नाही, तो फक्त पुढच्या खेपेला येत नाही.

हा फरक नीट कळण्यासाठी आधी बाहेरची उदाहरणे पाहावी लागतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ नावाची राइड होती. ती काढणार अशी कुणकुण १९९७ साली लागताच चाहत्यांनी टी-शर्ट घालून बागेतच निषेध केला, पत्रे पाठवली. तरीही ७ सप्टेंबर १९९८ रोजी ती बंद झाली. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधली त्याच नावाची राइड मात्र अजून चालू आहे. फ्लोरिडातच १ ऑक्टोबर १९८३ रोजी सुरू झालेली ‘होरायझन्स’ ९ जानेवारी १९९९ रोजी थांबली आणि पुढे तिची इमारतही पाडली गेली. जानेवारी २०२३ मध्ये तिथलीच ‘स्प्लॅश माउंटन’ बंद झाली. ज्या १९४६ सालच्या चित्रपटावर ती बेतलेली होती, त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर जुने आणि रास्त आक्षेप होते. शेवटच्या दिवशी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि त्या राइडमधले पाणी म्हणून बाटल्या विकायलाही निघाल्या. या सगळ्या उदाहरणांत तारीख ठरलेली आहे, गर्दी आहे, फोटो आहेत. निरोपाचा एक रीतसर दिवस आहे.

भारतातही असे दिवस आले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव घेऊन दिल्लीच्या प्रगती मैदानाजवळ १९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘अप्पू घर’ सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुरू झालेले ‘एसेलवर्ल्ड’ सीमाभागातल्या बहुतेक मुलांना दूरदर्शनवरच्या जाहिरातीतूनच ठाऊक होते. तेही आता सर्वसामान्यांसाठी चालू नाही. जिथे कधी पाऊल ठेवले नाही त्या बागेबद्दलही हळहळ वाटणारी माणसे बेळगावात भेटतात, आणि ती हळहळ खोटी नसते.

सीमाभागाचे स्वतःचे करमणुकीचे वेळापत्रक पावसाने आणि देवांनी ठरवलेले. खानापूरकडचा पाऊस असा, की मृगानंतर मैदानात खांब रोवण्याची सोयच नाही. सुगी घरात आली, उसाचे-तंबाखूचे पैसे हातात खेळू लागले, की जत्रांचा हंगाम सुरू. पावसाळा सरताना निपाणीजवळ आप्पाचीवाडी-कुर्लीला हालसिद्धनाथाची यात्रा आणि भाकणूक (देवाच्या नावाने सांगितले जाणारे भाकीत), पौष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा, माघातच रायबाग तालुक्यात चिंचलीची मायाक्का, चैत्र पौर्णिमेला तिकडे वाडी रत्नागिरीचा जोतिबा, आणि मध्ये-मध्ये गावोगावच्या लक्ष्मी यात्रा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याचा हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा प्रश्न तेव्हापासून धगधगतो आहे. देवांच्या वाटा मात्र बदलल्या नाहीत. कोल्हापूरकडचे भाविक सौंदत्तीला जातच राहिले, बेळगावकडचे जोतिबाला. दोन्हीकडच्या जत्रा एकाच हंगामाच्या माळेत ओवलेल्या राहिल्या.

या खेळण्यांत सर्वांत जास्त आठवला जातो तो हाताने फिरवायचा लाकडी पाळणा. जमिनीत रोवलेले दोन जाड खांब, त्यांच्यावर आडवा आस, आसाला दोन्ही अंगांनी आरे आणि आऱ्यांच्या टोकांना लोंबणाऱ्या चार पेट्या. मोटार नाही, जनरेटर नाही. पाळणेवाला पेट्या भरतानाच माणसे तोलतो. एका पेटीत अंगाने भरलेले काका बसले, की समोरच्या पेटीत तीन पोरे. कारण समोरासमोरची वजने जुळली नाहीत तर जड बाजू खाली अडून बसते आणि चाक ओढून ओढून हात भरून येतात. मग तो स्वतः आऱ्यावर चढतो, वरच्या बाजूला लोंबकळून सगळ्या अंगाचे वजन टाकतो, ती बाजू खाली आली की जमीन लागण्याच्या आत हात सोडून पुढचा आरा धरतो. दुसरा गडी समोरून पेट्यांना रेटा देतो. आसाची करकर वाढत जाते. थांबवताना हातांनीच पेट्या अडवायच्या, एकेक रिकामी करायची आणि उतरलेल्यांच्या जागी लगेच नवे बसवायचे, नाहीतर तोल गेला. यात चालवणाऱ्याचे कसब बसणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसायचे. बटण दाबून चालणाऱ्या चाकात ते दिसत नाही.

असे पाळणे फार जुने आहेत. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६१५ साली इस्तंबूलमध्ये सणाच्या दिवसांत अशा फिरत्या चाकात बसला होता आणि त्याला ते फार आवडले होते. हाच प्रवासी पुढे १६२३ साली कर्नाटकात इक्केरीच्या नायकांच्या दरबारात आला. लोखंडी महाकाय चाक त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी आले. जॉर्ज फेरिस याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी ८० मीटर उंचीचे चाक उभारले. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसे मावत. १९०६ साली ते सुरुंग लावून पाडण्यात आले.

‘जुन्या पाळण्यात पोटात जो गोळा यायचा तो आताच्या मोठ्या पाळण्यात येत नाही,’ असे वयस्कर माणसे सांगतात. ऐकणारे ते वयाच्या खाती टाकतात. वास्तविक गणित म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. चाकाचा व्यास चार मीटर आणि एक फेरी चार सेकंदांत पुरी होत असेल, तर केंद्राकडे होणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मे भरते. म्हणजे पेटी माथ्यावर असताना बसणाऱ्याला आपले वजन अर्धेच उरल्यासारखे वाटते आणि तळाला येताच ते दीडपट होते. तीस मीटर व्यासाचे विजेवर चालणारे चाक वीस सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर हा फरक जेमतेम पंधरा टक्क्यांवर येतो. मोठे चाक उंची दाखवते, हेलकावा देत नाही. लहान लाकडी पाळणा उंचीला घरावरच्या कौलांच्या वर फारसा जात नसे, पण वरून खाली येताना जीव वर राहायचा. ही आठवण शरीराने ठेवलेली आहे आणि ती अचूक आहे.

दुसरे नाव मौत का कुआ. उभ्या फळ्यांचा गोल हौद, बाहेरून फळ्यांचाच जिना, वरच्या कडेला वाकून बघणारी माणसे. मोटारसायकल तळाशी दोन फेऱ्या मारून तिरप्या फळ्यांवरून उभ्या भिंतीवर चढते तेव्हा अख्खी भिंत पायाखाली थरथरते, आणि जळक्या तेलाचा वास थेट नाकात जातो. स्वार एक हात सोडून कडेवरून पुढे केलेली नोट खेचून घेतो. हौदाचा व्यास दहा मीटर धरला आणि टायरची पकड चांगली असली, तर ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या खाली वेग गेला की घर्षण वजनाला पुरे पडत नाही आणि गाडी घसरू लागते. म्हणून स्वार त्याच्या बराच वर राहतो. वेग चढला की गाडी आपल्याच जोराने भिंतीला चिकटून राहते. या खेळात यामाहा आरएक्स १०० फार चालली. भारतात तिचे उत्पादन १९८५ ते १९९६ एवढेच झाले, पण तिचा फटफट आवाज ऐकून मान वळवणारे लोक या भागात अजून आहेत. मौत का कुआ पूर्णपणे संपलेला नाही, विरळ झाला आहे.

घोड्यांची चक्री, म्हणजे साखळ्यांना टांगलेले लाकडी घोडे आणि मधला खांब धरून पळणारा माणूस, ही सर्वांत लहानांची. तिच्याविषयी कोणी फार बोलत नाही. आठवण्याच्या वयाच्या आधीच माणूस तिच्यातून उतरलेला असतो.

या मैदानाची स्वतःची बोली होती आणि तिची दखल घेतल्यावाचून ही नोंद पुरी होणार नाही. ‘बर्री, या, आओ’ अशी तिन्ही भाषांतली हाक एका दमात यायची. पाळणेवाला मराठी, पेटीतले शेजारी कन्नड, फुगेवाला उर्दू बोलणारा, आणि वर गेल्यावर निघणारी किंकाळी सगळ्यांची एकच. सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेचा प्रश्न शाळेत, कचेरीत, दुकानाच्या पाटीवर रोज भेटतो. पाळण्यात बसल्यावर तो काही मिनिटे भेटत नसे. इथल्या आठवणींत एवढी ऊब का, याचे हे एक कारण असावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पाळणे गेले ते एका कारणाने नाही. लोखंडी जायंट व्हील आले, डिझेल जनरेटर आले, मागोमाग ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, कोलंबस ही यंत्रावरची खेळणी आली. हाताने चाक फिरवणाऱ्या दोन गड्यांची मजुरी चार पेट्यांच्या तिकिटांतून सुटेनाशी झाली. गावाबाहेरचे मैदान प्लॉट पडून गावात आले. पोलीस परवानगी, अग्निशमन दलाचा दाखला, विजेची तात्पुरती जोडणी हे सोपस्कार मोठ्या मालकाला परवडतात. २०२० च्या मार्चनंतर आणि २०२१ साली करोनामुळे बहुतेक जत्रा भरल्याच नाहीत आणि दोन हंगाम हातचे गेले. सुरक्षिततेचा भागही मान्य केला पाहिजे. पुढे फक्त आडवी दांडी असलेल्या पेटीत आज कोणी आपले मूल बसवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पाळणा हवासा वाटणे आणि तो तसाच परत यावा असे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गावच्या लक्ष्मी यात्रेमुळे या विसरण्याला आणखी एक गाठ पडते. ही यात्रा पुष्कळ गावांत दरवर्षी नसते. काही ठिकाणी ती पाच वर्षांनी, काही ठिकाणी बारा वर्षांनी, तर काही गावांत त्याहूनही मोठ्या खंडाने भरते. एका यात्रेत लाकडी पाळणा होता, पुढच्या यात्रेत नव्हता, एवढेच गावाला सांगता येते. तो मधल्या कोणत्या वर्षी मोडीत निघाला, शेवटची फेरी कोणत्या मैदानावर झाली आणि तीत कोण बसले होते, याचा पत्ता नाही. शेवटची फेरी घेणाऱ्याला ती शेवटची आहे हे ठाऊकच नव्हते. त्यामुळे इथे निरोपाचा दिवस नाही, फोटो जवळपास नाहीत, जपलेली तिकिटे नाहीत. ओढ बोलण्यातच राहते, आणि बहुधा पुढची यात्रा ठरवण्यासाठी गाव देवळात बसते तेव्हा ती वर येते.

स्विस वैद्य योहानेस होफर याने १६८८ साली घराच्या ओढीने झुरण्याला आजार मानून त्यावर प्रबंध लिहिला होता. आजचे मानसशास्त्र तसे मानत नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठातले टिम वाइल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अशा आठवणींत बहुधा आपण स्वतः आणि आपली जवळची माणसे असतात, आणि एकटेपणा वाटू लागला की त्या उसळून येतात. सीमाभागातल्या आठवणी या निष्कर्षाला चपखल बसतात. लक्ष्मी यात्रेला माहेरवाशिणी येत, जावई येत, पाहुण्यांनी घर भरून जाई. मामाने हातावर ठेवलेले चार आणे ही पाळण्याची आठवण सांगण्याची इथली ठरलेली सुरुवात आहे. पंचवीस पैशांचे ते नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला नोकरीला गेलेल्यांना आयटी पार्कजवळच्या मॉलमध्ये लहान मुलांची चक्री दिसते आणि गावचे मैदान आठवते. तिथे पाळण्यापेक्षा त्या पेटीत शेजारी दाटीवाटीने बसलेली चुलत भावंडे जास्त आठवतात. ती आता एका गावात नाहीत.

डिस्नेच्या राइड्सचे नकाशे, चित्रफिती, सुटे भाग लोकांनी जपून ठेवले. सीमाभागातल्या पाळण्यांच्या बाबतीत हे काम जवळजवळ सुरूच झालेले नाही, आणि ते आताच व्हायला हवे, कारण आऱ्यावर चढून चाक फिरवलेली माणसे आता थकली आहेत. त्यांना विचारायचे तर ‘कसे वाटायचे’ हे शेवटी विचारावे. आधी विचारावे ते असे: खांब कोणत्या लाकडाचे, किती हात पुरायचे, आसाला वंगण कशाचे, पेट्या चार की सहा, एका हंगामात कोणकोणत्या जत्रा आणि कोणत्या क्रमाने, मुक्काम कुठे, तिकीट किती आणि कोणत्या सालापर्यंत, लाकूड शेवटी विकले की जाळले. गावच्या यात्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वह्या शाबूत असतील तर मैदानभाड्याच्या नोंदींत पाळणेवाल्याचे गाव सापडू शकते. सालही सापडू शकते.